डाव्या काखेतलं अवधाण

"निम्म संगाट यार बंदार्री?" खिडकीतल्या मुलीनं विचारलं. सोबत कोण आलंय, एवढाच साधा प्रश्न. फॉर्मवरचं नाव, वय, वजन, अंगात कुठं लोखंड बसवलंय का, बंद जागेची भीती वाटते का, हे सगळं मी भराभर लिहून टाकलं होतं. सोबतच्या माणसाचा रकाना तेवढा कोरा राहिला होता. तीस वर्षं पोरांचे कोरे रकाने बघून वह्या परत करणारी मी त्या एका ओळीवर पेन टेकवून बसले होते.

"भाचा आहे," मी सांगितलं. "खाली गाडी लावतोय."

भाचा आहे, हे खरं. पण त्या वेळी तो निपाणीत आपल्या दुकानात बसलेला असणार. मी बेळगावच्या टिळकवाडीतल्या घरातून रिक्षा करून एम.आर.आय. काढायला आलेय, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या आक्कालाही ठाऊक नव्हतं. डाव्या स्तनातली गाठ कॅन्सरची आहे हे सुईच्या तपासणीत कळून आठवडा झाला होता आणि तो आठवडा मी रोज शाळेत जाऊन हजेरी घेतली होती. आता बघायचं होतं ते एवढंच, की तो काखेत उतरलाय की नाही.

काखेत गाठ होतीच. ती मला चार महिने माहीत होती. मी तिला अवधाण म्हणत होते.

हा शब्द आता शहरात फारसा ऐकू येत नाही. पायात काटा मोडला की जांघेत गाठ येते, हाताला जखम झाली की काखेत येते. आमच्या निपाणीकडं तिला अवधाण म्हणतात. त्याला कुणी भीत नाही. एरंडाच्या पानाला तेल लावायचं, ते तव्यावर गरम करून गाठीवर बांधायचं, आणि जखम सुकली की अवधाण आपोआप उतरतं. मी नववीला शरीरशास्त्र शिकवते. फळ्यावर माणूस काढून मान, काख, जांघ इथं हिरव्या खडूचे ठिपके देते आणि सांगते, ह्या लसिका ग्रंथी, ह्या आपल्या अंगातल्या चौक्या, जंतू इथं अडवले जातात म्हणून त्या सुजतात. मग पोरांना नीट कळावं म्हणून वर स्वतःचं ज्ञान: तुमच्या आज्ज्या ज्याला अवधाण म्हणतात ना, तेच हे. पोरं हसतात, त्यांच्या ध्यानात राहतं. त्यात चुकीचं काही नव्हतं, पण ते अर्धंच होतं. चौकीत कधी चोरच येऊन मुक्काम करतो, हे मी कधी शिकवलं नाही. पुस्तकात नव्हतं आणि परीक्षेत विचारत नव्हते.

तर सुरण चिरताना डाव्या हाताच्या बोटाला विळी लागली. बोट पिकलं. त्याच सुमाराला आंघोळ करताना काखेत बोराएवढी गाठ हाताला लागली आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं. लहानपणचं कुणीतरी भेटायला आल्यासारखं. आक्काला फोन केला. ती म्हणाली, "अवधाण असंल गं. एरंडाचं पान बांध. लई दाबत बसू नगो."

पान आणलं. शाळेच्या मागच्या कुंपणाला एरंड वाढलाय. पण काखेत पान बांधणं हे एकट्या माणसाचं काम नव्हे, हे तेव्हा कळलं. एक हात वर धरायचा, दुसऱ्यानं पान दाबायचं, मग पट्टी ओढायला तिसरा हात कुठून आणायचा? दातात पट्टी धरून बघितली. पान घसरून ब्लाऊजमधून कमरेशी यायचं. दोन दिवस हा तमाशा करून सोडून दिला. आक्काचा फोन आल्यावर बांधलं म्हणून सांगितलं.

बोट तीन आठवड्यांत बरं झालं. अवधाण काही उतरलं नाही. उतरेल, उतरेल म्हणत मी सहामाही परीक्षेचे पेपर काढले. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी किती पोरांच्या निबंधात दुरुस्त केली असेल, पण ती स्वतःच्या काखेपर्यंत येऊन पोचेल असं वाटलं नव्हतं. मग एक दिवस स्तनातही वाटाण्याएवढं टणक काहीतरी लागलं आणि तिथं मात्र अवधाण येत नाही, एवढं मला ठाऊक होतं.

डॉक्टरीणबाई खानापूरकडच्या, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. चार महिने काय करत होता, असं त्यांनी विचारलं नाही. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं, मी भांडले तरी असते. त्यांनी कागदावर घेवड्याचा दाणा काढला आणि मला शिकवायला सुरुवात केली. चांगली ग्रंथी अशी लांबट असते, मध्ये चरबीचा भाग असतो. कॅन्सर शिरला की ती गोल व्हायला लागते, तिची कड जाड होते आणि मधली चरबी दिसेनाशी होते. एम.आर.आय.मध्ये स्तनातली गाठ किती पसरलीय ते नीट दिसेल आणि काखेतले हे दाणेही दिसतील. पण नुसता फोटो म्हणजे पुरावा नव्हे, शंका आली तर काखेतही सुई घालून बघावी लागेल.

"आणि काखेत नसला तर?" मी विचारलं.

"तर आधी ऑपरेशन. तेव्हाही काखेतली एखाद-दुसरी ग्रंथी काढून तपासू. असला तर तुमच्या बाबतीत आधी केमो, पाच-सहा महिने, मग ऑपरेशन."

मी मनातल्या मनात लगेच वेळापत्रक मांडलं. नुसतं ऑपरेशन असलं तर दसऱ्याच्या सुट्टीत उरकता येईल. शाळेत हर्निया म्हणून सांगायचं. आक्काला तेही सांगायचं नाही. केमो असली तर केस जाणार, महिनोन्महिने जाणार, आणि मग लपवायला जागा उरत नाही. काखेत नसू दे, एवढंच मला पाहिजे होतं. जगेन की मरेन हा विचार त्याच्या मागं कुठंतरी उभा होता. पुढं उभी होती ती आक्का.

आक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि जर्दा, आणि बोटं अशी चालायची की बघणाऱ्याला नुसता धागा गुंडाळलेला दिसायचा. आक्का पाचवी झाली आणि आईच्या शेजारी दुसरं सूप मांडून बसली. तिसरं सूप माझ्यासाठी मांडायची वेळ आली तेव्हा तिनं आईला सांगितलं, हिला बसवू नगो, हिच्या वाटच्या मी वळतो. आमच्याकडच्या सगळ्या बायका 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात, आक्का अजून तशीच बोलते. माझ्या वाटच्या बिड्या तिनं मी बी.एड. होईपर्यंत वळल्या. मग मी बेळगावची बाई झाले. लग्न केलं नाही. त्याची कारणं होती, आता ती मलाही फारशी पटत नाहीत. आई गेल्यावर आक्कानं दोनदा विचारलं, एकटी कशापायी राहतीस, इकडं ये. मी म्हणाले, मला सवय आहे. एका माणसाकडून एवढं सगळं एकदा घेऊन झाल्यावर परत हात पसरायचा कसा, हे मला कधी जमलं नाही. ते मी स्वाभिमान म्हणून मिरवलं. खरं तर ती लाज होती.

आत नेलं तेव्हा एम.आर.आय. काढणारी दुसरी मुलगी फॉर्म बघून म्हणाली, "कानातलं, घड्याळ, पिना सगळं काढा. भाच्याला बोलवा, त्यांच्याकडं देऊ."

"त्याला जागा मिळत नसेल गाडीला."

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. मग माझी कुडी, घड्याळ, घराची किल्ली आणि फोन एका स्टीलच्या ताटलीत घेतलं, आपल्या टेबलाच्या खणात ठेवून खणाला कुलूप घातलं, आणि तिथून पुढं ती मला आक्का म्हणायला लागली. बेळगावात कानडी माणूसही मोठ्या बाईला अक्का म्हणतो, त्यात विशेष काही नाही. पण मी घरात धाकटी, शाळेत टीचर, गल्लीत बाई. आक्का मला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं, आणि मी तिथं उघड्या पाठीनं उभी असताना मला त्या हाकेचा फार आधार वाटला.

पालथं झोपायचं असतं. फळीला दोन भोकं असतात, त्यात छाती सोडायची. कपाळाला एक मऊ कडं. उजव्या हातात औषधाची नळी, डाव्या मुठीत एक रबरी फुगा. "भ्या वाटलं तर दाबा आक्का, मी लगेच येते," ती तिच्या मराठीत म्हणाली. "हलायचं न्हाई. अलगाडबेड्री." तिनं कानांवर हेडफोन चढवला, फळी आत सरकली आणि दार लागल्याचा आवाज आला.

आवाजाबद्दल सगळे सांगतात. घराशेजारी बोअर मारत असले आणि आपण जमिनीला कान लावून पडलो तर जसं होईल तसं. पण मला आवाजाचं काही वाटलं नाही, वर्गात पन्नास पोरं सांभाळलीत. वाटलं ते खालच्या पांढऱ्या चादरीचं. डोळ्यांपुढं वीतभर चादर, दुसरं काही नाही. माझ्या काखेतला एकेक दाणा भिंतीपलीकडं त्या मुलीच्या पडद्यावर उमटत असणार, आणि मला ह्यातलं काहीच दिसत नव्हतं. माझ्या अंगात काय आहे हे माझ्याआधी एका परक्या मुलीला कळणार होतं. आणि तिच्याशिवाय ते कळायची वाट बघणारं त्या इमारतीत कुणी नव्हतं.

"उसिर साव्काश बिड्री," हेडफोनमधून ती म्हणाली. श्वास सावकाश सोडा.

बिड्री. मी सात-आठ वर्षांची असताना आई मला पहिल्यांदा बेळगावला घेऊन आली होती. गाडीत उभं राहायला जागा नव्हती आणि कानडी कंडक्टर ओरडत येत होता, जागा बिड्री, जागा बिड्री. म्हणजे वाट सोडा. आईला कानडीचा गंध नव्हता. आपण निपाणीच्या बिड्या वळणाऱ्या, हे ह्याला कसं कळलं, असा चेहरा करून ती ताठ मानेनं म्हणाली, "आमी घरात वळतो, गाडीत इकत न्हाई." सगळी गाडी हसली होती. मला तेव्हा आईची लाज वाटली होती. आणि आता त्या नळकांड्यात मला हसू फुटलं. दाबलं तसं जास्तच फुटलं, खांदे हलायला लागले.

"अलगाडबेड्री आक्का! फोटो खराब होतोय."

मी गप्प झाले, म्हणजे हसायची थांबले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते मात्र थांबेना. पालथं पडून रडताना पाणी गालावरून येत नाही, थेट खाली पडतं. पुसायला हात हलवायचा नव्हता. फुगा मुठीत होता, दाबला असता तर ती धावत आली असती. पण आल्यावर तिला सांगायचं काय? मी नाही दाबला. तिला तो भाग पुन्हा काढावा लागला आणि माझं काम दहा मिनिटं लांबलं.

बाहेर आल्यावर तिनं खणातून सगळं काढून दिलं. कुडीची फिरकी मला लावता येईना, तर तिनंच ती लावली. भाच्याची चौकशी केली नाही.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर मला माझी काख दाखवली. दहा-बारा दाणे होते. बहुतेक घेवड्यासारखेच होते. तीन मात्र गोल झाले होते, त्यातला एक तर गोटीएवढा. बाईंना सांगायला लागलंच नाही, मी स्वतःच बोट ठेवलं.

मग मी त्यांना बोटाची, सुरणाची, विळीची सगळी हकिगत सांगितली. "हे अवधाणसुद्धा असू शकेल ना?" मी विचारलं. हा शब्द वापरताना जीभ अडखळली, पण त्या खानापूरच्या, त्यांना शब्द माहीत होता.

"अवधाणसुद्धा कधीकधी असं दिसतं," त्या म्हणाल्या. "पण ते सहसा चार महिने टिकत नाही. सुई घालून बघू या."

पोरांना उत्तरातल्या 'सहसा' खाली रेघ मारायला लावणारी मी, तो शब्द दवाखान्यातच टाकून घरी आले. पहिलं वाक्य तेवढं बरोबर आणलं. सुईचा निकाल यायला चार दिवस लागले, ते चारही दिवस मी अवधाणावर काढले. बोटावरचा जुना व्रण दाबून दाबून बघायची, अजून दुखतोय का. दुखावा म्हणून बघायची. आत कुठंतरी थोडा पू राहिला असेल, हट्टी जंतू असेल, काही म्हणजे काहीही चालेल. इतकी वर्षं विज्ञान शिकवलं आणि शेवटी जांघेत गाठ आलेल्या पोरीसारखी अवधाणाच्या नावानं जीव धरून बसले. भाजी आणायला गेले, वह्या तपासल्या, घरी येऊन कुलूप काढलं, आत कुणी नाही म्हणून रेडिओ लावला. त्या चार दिवसांत माझ्याशी कुणी काखेबद्दल एक शब्द बोललं नाही. बोलणार कोण, कुणाला माहीतच नव्हतं. ते मीच तसं ठेवलं होतं, आणि तरी मला सगळ्यांचा राग येत होता.

पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आपली खुर्ची टेबलाच्या अलीकडं आणली तेव्हाच मला कळलं. अवधाण नव्हतं. पुढच्या आठवड्यात केमो सुरू. "पहिल्या वेळेला एकट्या येऊ नका," त्या म्हणाल्या. "आणि नंतर घरी कुणीतरी पाहिजेच. उलट्या होतील, ताप येऊ शकतो. कोण आहे?"

"बहीण आहे," मी म्हणाले. ह्या वेळी खोटं बोलले नाही, पण खरंही अजून झालं नव्हतं.

घरी आले, हातपाय धुतले आणि फोन लावला. दुपारची वेळ, आक्का जेवून पडलेली असते. मी सरळ सांगून टाकलं. ती म्हणाली, "कवा कळलं?"

"पंधरा दिवस झाले."

"पंधरा दिस." मला वाटलं आता रागावेल. तर ती रडायला लागली. "मीच म्हणालो की गं अवधाण असंल म्हणून. माझ्याच त्वांडानं. मला अडाणीला काय कळतंय. तू इचारलीस, आन मी पान बांध म्हणालो."

"आक्का, तुझं काय चुकलं त्यात. मी शिकलेली, मला कळायला पाहिजे होतं."

"न्हाई गं. मोठी मी हाय."

मग वीस मिनिटं मी तिची समजूत काढली. डॉक्टरही म्हणाल्या अवधाणसुद्धा असं दिसतं, आता औषधं चांगली निघालीत, लवकर कळलं म्हणून सांगितलं, जे खरं नव्हतं. पोरांना पास झालास रे बाबा म्हणून सांगताना येतो तसा आवाज काढून बोलत होते. हळूहळू ती निवली. नाक ओढून म्हणाली, "येळच्या येळला जेव." आणि फोन ठेवला.

मी फोन हातात घेऊन पलंगावर बसून राहिले. बाहेर रिक्षा फिरत होत्या. मग ध्यानात आलं, की ज्यासाठी फोन केला होता ते मी बोललेच नव्हते. सगळं सांगितलं, ये म्हणून म्हटलं नाही. आणि तीही न बोलावता यायची नाही, कारण गेली कित्येक वर्षं मीच तिला सांगत आलेय, मला सवय आहे.

परत लावला. लागेना, ती भाच्याशी बोलत असणार. पुन्हा लावला. तिनं हॅलो म्हटलं.

"आक्का, तू ये," मी म्हणाले.

"तिकडं?"

"हं. मला भ्या वाटतंय."

मग कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि ती एकदम वेगळ्याच, कामाच्या आवाजात म्हणाली, "सकाळच्या गाडीनं येतो. किती दिसाची कापडं घिऊ?"

ते मला माहीत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनाही नक्की माहीत नव्हतं.

"जरा जास्तच घे," मी म्हणाले.